शिट्टी न होणारा कुकर

मंडळी, यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाला तुमच्यापैकी जे आले होते त्यांना तो प्रसंग आठवत असेल. नाट्यप्रवेश नेहमीप्रमाणे पाऊण तास उशिरा संपला. जेवणाच्या रांगेत श्रीखंड संपत आल्याची अफवा उठली (ती खरी निघाली), आणि मग सगळी बाळगोपाळ मंडळी जाकिटं, टोप्या चढवून फुलबाज्या घेऊन शाळेच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये पळाली. बारीक बर्फ भुरभुरत होतं. आम्ही पोरांवर लक्ष ठेवायच्या निमित्ताने सभागृहातल्या आभारप्रदर्शनातून सुटका करून घेतली होती.

आमच्या मिनेसोटाचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. २००२ सालापासून इथे फुलबाजी, भुईनळा, भुईचक्र असले न फुटणारे नि न उडणारे प्रकार चालतात. ज्याचा धडाका होतो किंवा जे आकाशात जातं ते सामान्य माणसाने लावायचं नाही. त्यामुळे आमची दिवाळी कशी, तर अगदी सोज्वळ. तर आमची सात वर्षांची नात फुलबाजी संपेपर्यंत तिच्याकडे टक लावून पाहत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ही फुटत का नाही?"

आम्ही तीस वर्षं एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. रसायनांशी उभा जन्म संबंध. तरी त्या थंडीत आम्हाला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. "कारण तिला कोणी बांधलेलं नाही," असं काहीतरी आम्ही पुटपुटलो. मुलीचं समाधान झालं नाही हे सांगायला नकोच. म्हणून यावेळच्या सदराचा विषय स्फोट. संपादकांना घाबरायचं कारण नाही, आम्ही कुठलीही कृती देणार नाही.

तुम्ही जर आमच्या पिढीचे असाल तर हा प्रयोग तुम्हीही केलेला असणार. पाडव्याच्या सकाळी लवकर उठायचं, वाड्याच्या अंगणात रात्रीचे न फुटलेले फटाके वेचायचे, ते सोलून आतली दारू वर्तमानपत्राच्या कागदावर काढायची आणि लांबून काडी लावायची. काय व्हायचं? भस्सकन जाळ, ढीगभर धूर, भुवया किंचित करपलेल्या, आणि आवाज? छे! तीच दारू कागदाच्या घट्ट गुंडाळ्यात असताना गल्ली हादरवते आणि मोकळ्या कागदावर नुसती भडकते. सुतळी बॉम्बची करामत दारूपेक्षा सुतळीत जास्त असते. आत जळून झालेला वायू बाहेर पडू पाहतो, सुतळी त्याला अडवते, दाब वाढत जातो, आणि शेवटी सुतळीच हार मानते. तो जो क्षण, तो स्फोट.

आपल्या भाषेत यासाठी दोन चांगले शब्द आहेत. भडका आणि स्फोट. रोजच्या बोलण्यात आपण ते कसेही वापरतो, पण फरक मोठा आहे.

आता एक गंमत सांगतो. सौ.ला सांगितली तेव्हा तिने तुपाचा डबा आमच्यापासून लांब ठेवला. टीएनटी नावाचं जे भयंकर स्फोटक, त्याच्या एका ग्रॅममध्ये ऊर्जा असते साधारण एक किलोकॅलरी. आणि साजूक तुपाच्या एका ग्रॅममध्ये? नऊ! म्हणजे पुरणपोळीवर आपण जी धार सोडतो तिच्यात तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या नऊपट ऊर्जा आहे. तरी पंगतीत कोणाचा स्फोट झाल्याचं ऐकिवात नाही. कारण तूप जळायला बाहेरून प्राणवायू लागतो, आणि पोटात ते तासन् तास हळूहळू जळतं. टीएनटीला लागणारा बराचसा प्राणवायू त्याच्या रेणूतच असतो आणि त्यातून स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावते. तेव्हा ऊर्जा किती हा प्रश्न दुय्यम. ती किती वेळात सुटते आणि सुटताना तिला वाट मिळते का, हे महत्त्वाचं.

कुकरचं तेच. १९७६ साली, इथल्या आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात, सौ.ने तुरीची डाळ जरा जास्तच लावली. डाळ फसफसून वर आली, एक साल जाऊन शिट्टीच्या नळीत बसलं. बाहेरच्या खोलीत आम्ही गावाकडे पत्र लिहीत बसलो होतो. शिट्टी होत नाही म्हणजे सगळं शांत आहे, असा आमचा समज! पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते, हे आम्ही कॉलेजात मुलांना शिकवलेलं होतं. सुदैवाने सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला आणि भांडं फुटलं नाही, पण वरण छतावर गेलं. घरमालकीण बाईंनी ते हळदीचं वर्तुळ पाहून "हा तुमचा काही धार्मिक प्रकार आहे का?" असं विचारलं. आम्ही हो म्हणालो. सेफ्टी व्हॉल्व्हची कल्पना सतराव्या शतकातल्या दनी पापँ या फ्रेंच गृहस्थांची देणगी. त्यांनी १६७९ मध्ये हाडं शिजवायला बंद भांडं केलं आणि वाफेला पळवाट ठेवण्याची अक्कलही त्यांनाच सुचली. आपल्या स्वयंपाकघरांनी त्यांचा एखादा फोटो लावायला हरकत नाही.

पण स्फोट या विषयाची खरी शाळा आपल्या घरापासून वीस मिनिटांवर, मिनिआपोलिसमध्ये मिसिसिपीच्या काठी आहे. मिल सिटी म्युझियम. तुमच्यापैकी अनेकांनी देशातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेलं असेल. आम्ही आतापर्यंत अकरा वेळा नेलं आहे. ही इमारत म्हणजे वॉशबर्न 'ए' मिल, पिठाची गिरणी. आपल्या डोळ्यासमोर गिरणी म्हणजे पट्ट्याची फटफट, डोक्यावर डबा घेऊन उभ्या बायका आणि पापण्यांपर्यंत पांढरा झालेला गिरणीवाला. ही गिरणी मात्र सात मजल्यांहून उंच, १८७४ साली बांधलेली. रव्यातून कोंडा निराळा काढण्यासाठी त्यात वारा सोडणारी नवी यंत्रं बसवलेली. पीठ शुभ्र निघायचं, पण हवेत पिठाचा धुरळा भरून राहायचा. 

२ मे १८७८, गुरुवार, संध्याकाळचे सात. दिवसपाळीचे दोनेकशे कामगार तासाभरापूर्वीच घरी गेले होते. रात्रपाळीचे चौदा जण आत होते. एक प्रचंड धडाका झाला आणि इमारत उरलीच नाही. छप्पर आभाळात गेलं, शेजारच्या दोन गिरण्याही कोसळल्या, आतले चौदाही आणि शेजारच्या गिरण्यांतले चार असे अठरा जण गेले. पंधरा किलोमीटरवरच्या सेंट पॉलमध्ये लोकांना भूकंप वाटला. लेकवुड स्मशानभूमीत त्या अठरांचं स्मारक आहे.

पीठ फुटतं, हे तेव्हा बहुतेकांना पटेना. ज्याची आपण भाकरी करतो ते पीठ! मग मिनेसोटा विद्यापीठातल्या पेकहॅम आणि पेक या दोन प्राध्यापकांनी चौकशीत प्रयोग करून दाखवले. पिठाचा ढीग पेटवून पाहा, तो कुरकुरत जळतो. तेच पीठ पेटीत उडवा, आत दिवा ठेवा, पेटीचं झाकण उडतं. कारण उडालेल्या पिठाच्या प्रत्येक कणाभोवती हवा असते. एक पेटला की शेजारचा, की त्याच्या शेजारचा, आणि भिंती त्या गरम हवेला पसरू देत नाहीत. चौकशीत असा निष्कर्ष निघाला की जात्याचे दगड मध्ये धान्य नसताना फिरत राहिले, एकमेकांवर घासले आणि ठिणगी पडली.

हे वाचल्यावर आम्हाला लहानपणचा साताऱ्यातला गिरणीवाला आठवला. दोन दळणांच्या मधे तो नेहमी मूठभर धान्य वरच्या चाडीत ठेवायचा. "दगड रिकामा फिरवू नये," म्हणायचा. आम्ही समजायचो त्याला आपल्या डब्यात लोकांचा भेसळीचा मूठभर ज्वारीचा नफा हवा असेल. शिवाय त्याची दारं सताड उघडी असायची, हे आता लक्षात येतं.

गिरणी १८८० मध्ये पुन्हा उभी राहिली, यावेळी धुरळा ओढून घेणारी यंत्रणा घालून. पुढे तिथलं पीठ 'गोल्ड मेडल' म्हणून गावोगाव गेलं. आपल्या इथल्या अनेक जणींच्या नानकटाया त्यातूनच झाल्या आहेत. १९९१ मध्ये आगीने गिरणीचे अवशेष उरले आणि २००३ मध्ये त्या अवशेषांत म्युझियम उघडलं.

'स्फोट' हा शब्द आपण कुठे कुठे लावतो बघा. १९६८ मध्ये पॉल एर्लिक यांनी लोकसंख्येला बॉम्ब म्हटलं, तेव्हापासून आपल्या शाळांत 'लोकसंख्येचा स्फोट' या विषयावर निबंध लिहायची पद्धत पडली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत भारताचा जननदर दर बाईमागे दोनवर आलेला दिसला. निबंध मात्र चालूच असावेत. विश्वाच्या जन्मालाही आपण महास्फोट म्हणतो. 'बिग बँग' हा शब्द १९४९ मध्ये फ्रेड हॉईल यांनी बीबीसी रेडिओवर वापरला, आणि गंमत अशी की त्यांना तो सिद्धांतच मान्य नव्हता! त्यांचे शिष्य आणि पुढे सहकारी आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. तेही अखेरपर्यंत, म्हणजे २०२५ पर्यंत, या कल्पनेवर शंका घेत राहिले. आमच्यासारख्याला त्यात मत द्यायचा अधिकार नाही. एवढंच म्हणतो की त्याला स्फोट म्हणणं आमच्या व्याख्येत बसत नाही. तिथे फोडायला भिंत कुठे होती? बाहेर म्हणून काही होतं कुठे?

भिंती असलेला एक स्फोट आमच्या घरात वडिलांकडून ऐकत आलो. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, त्यांच्यावर नि खाली कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटा. वडील तेव्हा गिरगावात चाळीत राहत. दुपारी चारनंतर आवाज झाला, फळीवरची पितळी भांडी खाली आली, आणि सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला. अर्ध्या तासाने दुसरा धडाका. जळता कापूस शहरावर पडत होता. गोदीपासून बऱ्याच अंतरावरच्या एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून सोन्याची वीट आत आली, ती त्यांनी सरकारात जमा केली. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात. आग विझवायला गेलेले बंबवाले पहिल्याच धडाक्यात गेले; त्यांच्यासाठी भारतात १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात.

वडील ही गोष्ट सांगताना दर वेळी एकाच ठिकाणी थांबत. बोटीवर लाल बावटा नव्हता. आत काय आहे हे सांगणारा बावटा लावायची पद्धत होती, तो लावला नाही. "लावला असता तर लोक लांब तरी गेले असते रे," म्हणायचे.

इथपर्यंत लिहून आम्ही लेख संपवणार होतो. सौ.ने वाचला आणि म्हणाली, "आणि आपल्या घरचा?" आम्ही म्हटलं, तो कशाला मासिकात? ती म्हणाली, "मग हे बाकीचं तरी कशाला?"

तर, १९९७ च्या थँक्सगिव्हिंगची गोष्ट. घरात सहा कुटुंबं जेवायला. चिरंजीव कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीवर आलेले. आम्ही एका मित्राला नेहमीच्या थाटात सांगत होतो, "पुढच्या वर्षी हा मेडिकलला. परीक्षेची तयारी चाललीय जोरात." हे आम्ही त्या दिवशी निदान चौथ्यांदा सांगत होतो, आणि ते बोलताना आमच्याजवळ नवीन काहीच नव्हतं. रिकामे दगड फिरत होते म्हणा ना. चिरंजीवांनी हातातली ताटली टेबलावर आपटली. तिचे तीन तुकडे झाले. मग इंग्रजीत, सगळ्यांसमोर, जे काही बाहेर आलं ते आम्ही इथे लिहीत नाही. मतितार्थ असा की ते विषय त्याने वर्षभरापूर्वी सोडले होते, तो इतिहास शिकत होता, आणि आम्ही त्याला एकदाही काहीही विचारलेलं नव्हतं. मग तो कोट न घालता बर्फात निघून गेला. सौ. कोट घेऊन मागे धावली. पाहुण्यांनी श्रीखंडाचं कौतुक केलं.

आम्ही काय केलं? काहीच नाही. आम्ही कधी आवाज चढवत नाही, याचा आम्हाला फार अभिमान. "आमच्या घरात भांडणच होत नाही," असं आम्ही याच मंडळाच्या एका परिसंवादात पालकांना सांगून टाळ्या घेतल्या होत्या. आमचं हत्यार वेगळं होतं. मनाविरुद्ध काही झालं की आम्ही बोलणं बंद करायचो. चार दिवस, आठ दिवस. एकदा त्याला गणितात बी मिळाला तेव्हा सतरा दिवस. घरात शिट्टी होत नव्हती एवढंच.

त्या रात्री भांडी घासताना सौ. म्हणाली, "मला एप्रिलपासून माहीत होतं." आम्ही विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तिने हातातला कुंडा खाली ठेवला. "सांगून काय झालं असतं? त्याच्याशी नसता बोललात, आणि माझ्याशीपण." तुम्हाला खरं सांगतो, ताटली फुटल्याचा आवाज आम्ही विसरलो असतो. हे वाक्य अजून कानात आहे. घरात एक व्हॉल्व्ह होता आणि त्याचं तोंड आम्हीच बांधून ठेवलं होतं.

चिरंजीव चौदा महिने घरी आले नाहीत. रविवारी फोन यायचा, आम्ही उचलला की "आई आहे?" आणि आम्ही फोन पुढे करायचो. दोघेही एकाच वळणाचे. पुढे येणंजाणं सुरू झालं, पण त्या दिवसाबद्दल कोणी बोललं नाही. म्युझियम उघडलं त्या वर्षी, तेव्हा तो शाळेत इतिहास शिकवायला लागला होता, तोच आम्हाला तिथे घेऊन गेला. त्या मोडक्या भिंतींच्या अंगणात उभे राहून आम्ही त्याला रिकाम्या दगडांची गोष्ट सांगितली. त्याला ती अर्थातच आमच्यापेक्षा नीट माहीत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, बावटा मीही लावला नव्हता." आजोबांची गोष्ट त्याच्या लक्षात होती. आम्ही म्हटलं, "लावला असतास तर आम्ही वाचला असता की नाही, शंकाच आहे." तेवढंच बोलणं झालं. मग कॅफेत जाऊन दोघांनी दालचिनीचे बन खाल्ले.

दिवाळीच्या रात्री घरी परतताना गाडीत मागे नात बसली होती. तिला तीनच फुलबाज्या मिळाल्या आणि चुलतभावाला पाच, या अन्यायावर तिने जो आरडाओरडा केला तो बघून आमचे ओठ सवयीने मिटायला लागले. चिरंजीव गाडी चालवत म्हणाले, "हं. मग?" ती आणखी ओरडली. "आणि मग?" महामार्गावरून उतरेपर्यंत तिचं सगळं सांगून झालं होतं आणि ती उरलेली करंजी खात होती.

मग तिने पुन्हा विचारलं, बांधलेलं म्हणजे काय. आम्ही तिला कबूल केलंय की देशात जाऊ तेव्हा एक न फुटलेला फटाका सोलून, दारू कागदावर काढून, लांबून पेटवून दाखवू. सूनबाईंना अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी पोचायच्या आत सांगायला हवं.